धीर म्हणजे केवळ सोसणे नव्हे

मनुष्याच्या आयुष्यात संकटे येणारच, हे सांगण्यासाठी कोणा पंडिताची आवश्यकता नाही. शेतीवर उपजीविका करणाऱ्या माणसाला तर ते दर वर्षी नव्याने कळत असते. तथापि एकाच गावात, एकाच वर्षी, सारख्याच जमिनीत सारखेच नुकसान झालेल्या दोन कुटुंबांपैकी एक कुटुंब पुढील हंगामाच्या तयारीला लागते आणि दुसरे अनेक वर्षे उभारी धरू शकत नाही, असे का व्हावे? ‘ज्याचे त्याचे नशीब’ हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर होय. परंतु ते अपुरे आहे. पैसा, पाणी आणि आप्तांचा आधार यांचा वाटा त्यात निश्चितच असतो. पण त्याखेरीज आणखी एक गोष्ट असते. आपल्या जीवनातील कोणता भाग आपल्या हाती आहे, हे ओळखून तेवढा भाग घट्ट धरून ठेवण्याची सवय, ही ती गोष्ट होय. ही सवय जन्मजात नसते, ती लावून घेता येते, हे दाखवून देणारी उदाहरणे खानदेशच्या भूमीतच उपलब्ध आहेत.

हाती नसलेल्या गोष्टी

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा हे मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील जंक्शन आणि तालुक्याचे ठिकाण. हिवरा नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आहेत, तर दुसऱ्या अंगाला गिरणेचे खोरे पसरलेले आहे. काळ्या जमिनीतील कपाशी हे येथील जीवनाचे मुख्य सूत्र. जोडीला ज्वारी, बाजरी, मका आणि कडधान्ये. विहिरीला किंवा कालव्याला पाणी असेल तेथे केळी. १९६९ साली गिरणा धरण पूर्ण झाले आणि खोऱ्यातील काही भागाला पाण्याची जोड मिळाली. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याची नजर आजही मृगाच्या आभाळाकडेच लागलेली असते.

अशा शेतकऱ्याच्या हाती नसलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. पाऊस केव्हा येईल आणि केव्हा दडी मारेल, हे त्याच्या हाती नाही. रुईचा भाव दूरच्या बाजारपेठांत ठरतो. तेथे पाचोऱ्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारीत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. अनेक शेतांत बोंडे वरून धडधाकट दिसत होती. फोडल्यावर आतली नासाडी कळत होती.

संकट केवळ शेतातूनच येते असेही नाही. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘पी.जे.’, शंभर वर्षांहून अधिक काळ वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे पाचोऱ्याशी जोडीत होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी ती थांबली आणि त्या जुन्या रूपात पुन्हा धावली नाही. तिच्या जागी रुंदमापी मार्गाचे काम हाती घेण्यात आले. ज्यांचे जाणे-येणे आणि लहानमोठा व्यापार त्या गाडीच्या वेळेवर बेतलेला होता, त्यांना आपला दिवस नव्याने आखावा लागला. गाडी थांबविण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. दिवस आखण्याचे काम मात्र त्यांनाच करावे लागले.

सोसणे आणि सावरणे

मराठीत ‘धीर धरणे’ आणि ‘तग धरणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. त्यांचा अर्थ पुष्कळदा मुकाट्याने सोसत राहणे असा घेतला जातो. हा अर्थ अर्धवट आहे. पावसाने ताण दिला असता ज्वारीचे पीक तग धरते, म्हणजे ते नुसते उभे राहत नाही. ते पाने गुंडाळून घेते, अंगातील ओल राखते, मुळे खोल नेते आणि पाऊस पडताच पुन्हा वाढीला लागते. बाहेरून स्वस्थ दिसणाऱ्या त्या ताटात आतून सतत काम चाललेले असते.

माणसाचे सावरणेही असेच असते. ‘जे होईल ते होईल’ म्हणून हात टेकणे हा एक प्रकार. आणि ‘सर्व काही माझ्याच हाती आहे’ अशा भ्रमात धडपडत राहून शेवटी थकून जाणे हा दुसरा. दोन्ही प्रकार घातक आहेत. पहिल्यात माणूस हाती असलेलेही सोडून देतो, तर दुसऱ्यात हाती नसलेल्या गोष्टींवर आपली सारी शक्ती खर्च करतो. या दोहोंमधला मार्ग म्हणजे प्रत्येक अडचणीची तीन भागांत विभागणी करणे : जे पूर्णपणे आपल्या हाती आहे, जे काही अंशी आहे, आणि जे मुळीच नाही.

पावसाचे आगमन हाती नाही. पेरणीचा दिवस हाती आहे. कापसाचा भाव हाती नाही. परंतु कापूस केव्हा विकावा हे काही अंशी हाती आहे, आणि देणेकरी दाराशी उभा असेल तर ते तेवढेही राहत नाही. म्हणजेच कर्ज कोणाकडून, कशासाठी आणि किती घ्यावे, या आधीच्या निर्णयावर भावाच्या वेळचे स्वातंत्र्य अवलंबून असते. अशी विभागणी केली म्हणजे संकट लहान होते असे नाही. पण त्याला कोठे हात घालावयाचा ते कळते.

असोद्याची लेक, जळगावची सून

या शिकवणीचे खानदेशातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी तीन मुले होती. त्यांतील ओंकार याला प्लेगच्या आजारानंतर कायमचे अपंगत्व आले. त्या काळच्या समाजात विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे सांगण्याची गरज नाही. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेत, जाते, चूल, गोठा हेच त्यांचे विश्व होते.

या स्थितीत बहिणाबाईंच्या हाती काय होते? पतीचे जाणे परतविता येणारे नव्हते, मुलाचे अपंगत्व दूर होणारे नव्हते, समाजाची रीत एकटीने बदलता येणारी नव्हती. हाती होते ते दिवसाचे काम, मुलांचे संगोपन आणि स्वतःचे शब्द. या तिन्ही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत गेल्या. पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वेळोवेळी लिहून ठेवली म्हणून ती टिकली.

त्यांच्या गाण्यांत ज्योतिष्याला उद्देशून रचलेले एक गाणे आहे. हात पाहून भविष्य सांगू पाहणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवितात. ज्या स्त्रीचे नशीब फिरले असे सारे गाव म्हणत असेल, तिनेच नशीब वाचून दाखविणाऱ्याला नकार द्यावा, यात मोठा अर्थ आहे. आपल्या वाट्याला काय आले आहे ते त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी ते नाकारले नाही. परंतु पुढे काय करावयाचे याचा निर्णय हस्तरेषांवर सोपविण्यास त्या तयार नव्हत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांत दुःख लपविलेले नाही. रडू येते तेव्हा रडण्याचा उल्लेख येतो, मनाच्या चंचलपणाची कबुली येते. धीर धरणे म्हणजे डोळ्यांत पाणी न येणे, हा समज त्यांच्या गाण्यांनी खोटा ठरविला आहे. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. सोपानदेवांनी त्यांच्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि त्यांच्या आग्रहाने १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. २०१८ साली जळगाव येथील विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. आयुष्यभर अक्षरओळख नसलेल्या शेतकरी स्त्रीच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात.

तुरुंगातील अठरा रविवार

बहिणाबाईंच्या हाती घर आणि शेत तरी होते. ज्याच्या हाती काहीच राहिलेले नाही, अशा माणसाने काय करावे? तुरुंग हे अशा स्थितीचे टोकाचे उदाहरण होय. केव्हा उठावे, काय खावे, कोणते काम करावे, कोणाला भेटावे, हे सर्व तेथे दुसराच ठरवितो.

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत धुळ्याच्या तुरुंगात अनेक सत्याग्रही बंदिवान होते. त्यांत विनोबा भावे होते आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर सहबंद्यांसमोर बोलावयास आरंभ केला. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी अठरा अध्याय पूर्ण झाले. साने गुरुजींनी ते सर्व भराभर उतरवून घेतले. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे त्याची भारतातील अनेक भाषांत भाषांतरे झाली.

ग्रंथाचे महत्त्व सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यामागील योजना. सुटका केव्हा होणार हे बंद्यांच्या हाती नव्हते. आठवड्यातील सहा दिवसही जवळजवळ नव्हते. रविवारचा थोडा वेळ तेवढा हाती होता. त्या वेळेला त्यांनी आकार दिला, क्रम दिला. पुढच्या रविवारी कोणता अध्याय आहे, हे माहीत असलेल्या माणसाचा मधला आठवडा रिकामा राहत नाही. विशेष म्हणजे हे काम एकट्याचे नव्हते. एक बोलणारा, एक लिहिणारा आणि बाकीचे ऐकणारे, असे मिळून ते पूर्ण झाले.

दीर्घ आजारामुळे अंथरुणाला खिळलेला मनुष्य, पीक गेल्यामुळे हंगामभर रिकामा बसलेला शेतकरी, नोकरी सुटलेला तरुण यांची अवस्था काहीशी अशीच असते. दिवसाचा काही थोडा भाग तरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठी, स्वतःच्या निर्णयाने वापरणे, हा अशा वेळी पहिला उपाय होय.

शास्त्र काय सांगते

अनुभवाने सिद्ध झालेली ही गोष्ट गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनीही तपासून पाहिली आहे. अमेरिकेतील मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ज्या प्राण्यांना त्रासातून सुटण्याचा कोणताही मार्ग मिळाला नाही, ते पुढे मार्ग उपलब्ध असतानाही प्रयत्न करीत नाहीत. प्राणी हतबल होण्यास शिकतो, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघा संशोधकांनी मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे आपला निष्कर्ष दुरुस्त केला. दीर्घकाळ त्रास झाल्यावर निपचित पडणे ही शिकलेली गोष्ट नसून ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते, आपल्या कृतीने काही फरक पडतो हे, असे त्यांनी मांडले. याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. संकटात हातपाय गळून जाणे हा कोणाचा दुर्गुण नव्हे. लहानशा कृतीचा लहानसा परिणाम डोळ्यांनी पाहणे, हाच त्यावरील धडा आहे.

१९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात केलेला अभ्यासही उद्बोधक आहे. तेथील एका गटाला खोलीची मांडणी कशी असावी, चित्रपट कोणत्या दिवशी पाहावा अशा साध्या गोष्टी स्वतः ठरविण्यास सांगण्यात आले, आणि स्वतः निवडून घेतलेले एक रोप सांभाळावयास देण्यात आले. दुसऱ्या गटालाही रोपे मिळाली; पण त्यांची काळजी कर्मचारी घेतील असे सांगण्यात आले. काही आठवड्यांतच पहिल्या गटातील वृद्ध अधिक उत्साही आणि अधिक हालचाल करणारे झाल्याचे आढळले. रोपाला पाणी कोणी घालावयाचे, एवढ्या लहान गोष्टीनेही फरक पडला. म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातून प्रत्येक काम काढून घेणे म्हणजे त्यांची सेवा, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यात दोन गोष्टी ठळकपणे आढळल्या. आपण काही केले तर काही बदलू शकते असा विश्वास, ही एक. आणि घरात, नात्यात, शाळेत किंवा शेजारी आपल्याला मानणारे एक तरी माणूस, ही दुसरी. आजी, मामा, शिक्षक किंवा शेजारीण यांपैकी कोणीही ते माणूस असू शकते.

शेतकऱ्याच्या वर्षात

ही तत्त्वे पाचोऱ्यासारख्या तालुक्यातील शेतकऱ्याच्या वर्षात कशी उतरतील? खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. शेतीच्या हिशेबाचे वर्ष या दिवशी पालटते, हा जुना प्रघात. त्याच दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून वर्षाचा हिशेब मांडावा. बियाणे, खत, औषधे, मजुरी यांवर किती खर्च झाला, घरखर्च किती झाला, कोणाचे किती देणे आहे आणि ते कोणत्या दराने आहे, हे एका वहीत लिहावे. पुष्कळ घरांत कर्जाचा खरा आकडा एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतो. तो पत्नीपासून आणि मुलांपासून लपविला जातो आणि मनावरील ओझे दुपटीने वाढते. कागदावर उतरलेला आकडा भयंकर असला तरी त्याला शेवट असतो. मनातल्या आकड्याला तो नसतो.

पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासणे ही बिनखर्ची कृती आहे. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्यांतील ७० किंवा अधिक चांगले उगवले, तर ते बियाणे शिफारशीच्या प्रमाणात वापरण्यास योग्य समजावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचे संकट टाळण्यासाठीच असतो. शेजाऱ्याने पेरले म्हणून आपणही पेरावे, या ओढीवर मात करणे हेही धैर्यच आहे.

कपाशीत उडीद किंवा मूग यांचे आंतरपीक घेतल्यास एक पीक फसले तरी दुसऱ्याचा आधार राहतो. बोंडअळीच्या बाबतीत एकट्या शेतकऱ्याची हुशारी पुरत नाही. कामगंध सापळे लावणे, निंबोळी अर्काची वेळेवर फवारणी करणे हे ज्याचे त्याच्या हाती आहे. परंतु हंगाम संपल्यावर फरदड न घेता पऱ्हाट्या काढून टाकणे हे शिवारातील सर्वांनी केले तरच फळ देते. म्हणजे येथे ‘काही अंशी हाती’ असलेली गोष्ट शेजाऱ्यांशी बोलून ‘अधिक हाती’ येते. माती परीक्षण, पीक विम्याची मुदत, पीक कर्जाचे नूतनीकरण ही कामेही याच वर्गातील होत. तारीख हुकली की ती हाताबाहेर जातात. म्हणून त्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवाव्यात.

हातात हात

स्त्रियांच्या बाबतीत ‘जीवन आपल्या हाती’ या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. अनेक घरांत कष्ट स्त्रीचे असतात. पण पैशासंबंधीचा निर्णय तिचा नसतो. महाराष्ट्रात २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली. १९९२ पासून नाबार्डच्या पुढाकाराने बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम सुरू झाले. दहा-वीस स्त्रियांनी ठरलेल्या दिवशी एकत्र यावे, ठरलेली रक्कम जमा करावी, कोणाला, कशासाठी आणि किती व्याजाने कर्ज द्यावे हे स्वतः ठरवावे आणि सारे वहीत लिहावे, अशी ही साधी पद्धत आहे. मुलाचे आजारपण किंवा शाळेचे शुल्क यांसाठी सावकाराच्या दारात न जाता आपल्याच गटातून पैसा उभा राहिला, की त्या स्त्रीच्या बोलण्यात फरक पडतो. रक्कम लहान असेल. निर्णय तिचा असतो.

धीर हा एकट्याचा गुण नव्हे, हे राज्याच्या इतिहासानेही दाखविले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेले. दया म्हणून मिळणाऱ्या शिध्याऐवजी कष्टाचा दाम मिळावा, ही त्यामागील कल्पना. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. २००५ साली केंद्राने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. पाऊस आणता आला नाही, तरी दुष्काळात माणसाच्या हाती काही असावे यासाठी समाजाला आणि शासनाला पुष्कळ करता येते.

म्हणूनच संकटाने खचलेल्या माणसाला ‘तू धीर धरला नाहीस’ असा बोल लावणे अन्यायाचे आहे. ज्याच्या वाट्याला तीन वर्षे लागोपाठ नापिकी आली, त्याने काय चुकविले, असे विचारण्यापूर्वी त्याच्या हाती मुळात किती शिल्लक राहिले होते, हे पाहिले पाहिजे. झोप न येणे, जेवण तुटणे, माणसांत न मिसळणे, निरवानिरवीची भाषा बोलणे ही लक्षणे घरातल्यांनी व शेजाऱ्यांनी हलक्यावारी नेऊ नयेत. अशा माणसाला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ बसून सरळ विचारावे व ऐकून घ्यावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे. बुडणाऱ्याच्या हाती जे थोडे उरलेले असते, त्यातील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हाक मारणे.

आरंभ कोठून करावा

सवय लावून घेण्याची रीत सोपी आहे. आठवड्यातून एक दिवस, एक ठरलेली वेळ निवडावी. वहीच्या पानावर तीन रकाने आखून सतावणाऱ्या गोष्टी आपापल्या रकान्यात लिहाव्यात : हाती असलेल्या, काही अंशी असलेल्या आणि नसलेल्या. लिहिता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे; बहिणाबाईंची गाणी अशीच दुसऱ्याच्या हातून उतरली. पहिल्या रकान्यातील एकच काम त्या आठवड्यासाठी निवडावे. ते इतके लहान असावे की पूर्ण होईलच : बांधाची एक बाजू दुरुस्त करणे, बँकेत जाऊन खात्याचा उतारा आणणे, बंद पडलेले औषध पुन्हा सुरू करणे. दुसऱ्या रकान्यातील एका गोष्टीबद्दल कोणाशी बोलावे लागेल, त्याचे नाव पुढे लिहावे. तिसरा रकाना वाचून पान उलटावे.

पुढच्या आठवड्यात मागील पान प्रथम पाहावे. काम झाले असेल तर त्यावर खूण करावी. झाले नसेल तर ते अधिक लहान करून पुन्हा लिहावे. चार-सहा महिन्यांनी अशी वही उघडून पाहिली असता, तिसऱ्या रकान्यातील काही गोष्टी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातील काही पहिल्यात सरकलेल्या आढळतील. जेथे तसे झाले नसेल, तेथेही खुणा केलेली कामे मात्र कोणी पुसू शकणार नाही. पाऊस पडला तरी, आणि न पडला तरी, ती त्या घराची कमाई होय.